गाभाऱ्यात काळी, भिंतीवर गोरी

पहिला दिवस, बुधवार : मळवली

मळवलीला लोकलमधून उतरणारी माणसं दोनच प्रकारची. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाणारी, नाहीतर भाज्याच्या धबधब्यात भिजायला जाणारी. आम्ही दोघी तिसऱ्याच कामाला आलो होतो. ते काम रिक्षावाल्याला समजावता समजावता आत्याचा आवाज चढला. "छापखाना हो, छापखाना! रविवर्म्याचा!"

"तसलं काय नाय आता इथं, मावशी. लेणी बघताय का?"

तसलं काही नाही हे आम्हालाही ठाऊक होतं. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, काही वर्षांतच तो इथे मळवलीला हलवला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. 1972 मध्ये आग लागली, त्यात उरलंसुरलंही गेलं. पण आमच्या देवघरावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीखाली बारीक अक्षरांत 'कार्ला-लोणावळा' असं छापलेलं आहे. आत्या लहानपणापासून ते वाचत आली. सत्तरी जवळ आल्यावर तिला एकदा तो पत्ता डोळ्यांनी बघायचा होता, एवढीच या प्रवासाची सुरुवात. बाकीची गावं एकेक करून नंतर जोडली गेली.

आत्या काळी आहे. सावळी म्हणणं ही पाहुण्यांसमोरची भाषा, आणि तिला ती आवडत नाही. बघण्याचे कार्यक्रम नऊ झाले, मग तिने स्वतःच थांबवले. शाळेत छत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. रंग कसा कालवतात यावर ती तासभर बोलू शकते, आणि भर पावसात स्टेशनच्या बाकावर बसून बोललीही.

शिळाछापात एकेका रंगासाठी वेगळा दगड लागतो, आणि तो खास चुनखडीचा, बव्हेरियातून आणलेला. लक्ष्मीची कांती म्हणजे पिवळा, गुलाबी, तांबूस असे एकावर एक दिलेले बारीक ठिपक्यांचे थर. "म्हणजे बघ, ती गोरी आपोआप झालेली नाही. कुणीतरी दगडावर एकेक ठिपका देऊन केलीय," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, श्रीसूक्तात लक्ष्मी 'हिरण्यवर्णा' आहे. सोन्याच्या रंगाची.

"सोनं पिवळं असतं ग. ही गुलाबी आहे."

एक गोष्ट मात्र त्या छापखान्याच्या बाजूने बोलायला हवी. देवळाचं दार ज्यांना बंद होतं त्यांच्या भिंतीवर देव पहिल्यांदा या कागदातून आला. आला तो मात्र या रंगात आला, आणि मग देवाचा रंग हाच असं तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं.

दुसरा दिवस, गुरुवार : पेण

लोणावळ्याहून खोपोली, तिथून पेण. श्रावण सुरू होऊन आठवडा झालेला, म्हणजे कारखान्यांत श्वास घ्यायला फुरसत नाही. ज्या कारखान्यात आम्हाला आत येऊ दिलं तिथे जमिनीपासून पत्र्यापर्यंत फळ्यांवर गणपतीच गणपती. खालच्या रांगेत कोरे, पांढरे. मधल्या रांगेत अंगाचा रंग मारून झालेले. वरच्या रांगेत दागिने, पितांबर, सगळं झालेलं, फक्त डोळे नाहीत. आखणी करणारा कारागीर वेगळा असतो आणि तो शेवटी येतो.

अंगाचा रंग मारणारा पोरगा विशीतला. पांढऱ्यात थोडा पिवळा, चिमूटभर तांबडा, मग रंग फवारायची गन घेऊन एका दमात आठ-दहा मूर्ती. आत्या त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. शाळेतली सवय.

"अथर्वशीर्ष येतं का रे?"

"येतं की, काकू. 'रक्तं लंबोदरं शूर्पकर्णकं रक्तवाससम्.'"

"मग रक्तं कुठंय?"

पोरगा हसला. त्याने गन खाली ठेवली आणि खिशातून मोबाइल काढला. गिऱ्हाईक फोटो पाठवतं. कुणाला मुंबईच्या मोठ्या मंडळाच्या राजासारखा हवा, कुणाला पुण्यातल्यासारखा, कुणाला मालिकेतल्या बाळगणेशासारखा. लाल कुणी मागत नाही? मागतात, पण शेंदरी, आणि तोही देवळात बसवायचा असला तर. "घरात लाल बसवला तर उग्र वाटतो म्हणतात," तो म्हणाला. मागच्या वर्षी एकाने काळ्या पाषाणासारखा दिसणारा करून नेला होता. शेजाऱ्यांना तो आवडला, पण ज्याने नेला त्याच्या आईने पुढच्या वर्षी 'नेहमीचा' करायला सांगितलंय.

नेहमीचा म्हणजे गोरा, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. आम्हालाही विचारावं लागलं नाही.

कोपऱ्यात गौरीचे मुखवटे वाळत होते. दुधात केशर पडावं तसा रंग, गालांवर गुलाबी झाक, सगळ्यांची जिवणी एकसारखी. आत्या तिथे बराच वेळ रेंगाळली. मग मला म्हणाली, "गौरी म्हणजे काय माहितीय ना? गोरी. पण ती मुळात गोरी नव्हती."

ती गोष्ट तिने कीर्तनात ऐकलेली. पुराणातली आहे. पार्वती वर्णाने काळी. शंकराने थट्टेत तिला 'काली' म्हणून हाक मारली. तिला ते लागलं. ती उठून तपाला गेली, ब्रह्मदेवाकडून वर मिळवला आणि सापाने कात टाकावी तशी काळी कांती टाकून दिली. त्या टाकलेल्या कांतीतून कौशिकी नावाची वेगळी देवी निघाली, आणि घरी परत आली ती गौरी.

"बुवा रंगवून सांगायचे, बायका हसायच्या. माझी आई मला दुसऱ्या दिवशी साय आणि डाळीचं पीठ लावायची. मला वाटायचं, तप म्हणजे हेच."

मी काही बोलले नाही. पोरानेही गन उचलली नव्हती. तो ऐकत होता.

पुराणकारांना काळी पार्वती सुचली, हे मला विशेष वाटतं. त्यांनी तिला गोरी केलं, हे त्याहून जास्त सलत राहतं. पण टाकलेली कातसुद्धा त्यांनी वाया जाऊ दिली नाही, तिचीही देवी केली. आणि आमच्याकडे तर मुखवट्याच्या गौरी नसतातच, खड्यांच्या असतात. नदीवरचे सात खडे आणायचे. ते ओले असले की काळेभोर दिसतात, वाळले की करडे. कोकणात कितीतरी घरी तेरड्याची गौर असते. तिला कातडीच नाही. रंगाचा प्रश्न मुखवटा आला की येतो.

तिसरा दिवस, शुक्रवार : कोल्हापूर

रात्रीच्या गाडीने पहाटे कोल्हापूर. श्रावणातला शुक्रवार असल्यामुळे रांग भवानी मंडपाच्याही पलीकडे. तीन तास.

अंबाबाईची मूर्ती काळ्या पाषाणाची. साडी, दागिने, फुलं यांतून दिसतो तो काळा चेहरा, आणि त्यावर गुलाबी गाल नाहीत. दर्शन चार सेकंदांचं. 2015 मध्ये मूर्तीवर रासायनिक संवर्धन झालं तेव्हा त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली होती. देवीच्या चेहऱ्यात फरक पडला का हा कोल्हापुरात आजही घरगुती विषय आहे. रंगाबद्दल मात्र कुणाची तक्रार ऐकू आली नाही. काळी आहे, असायचीच.

बाहेर दुकानांत तिचे फोटो होते. इथे मला अपेक्षा नव्हती ते दिसलं : फोटोतही ती काळीच. कारण इथे कॅमेऱ्याने काढलेला मूर्तीचा फोटो विकतात. कुंचल्याचं काम कमी. कॅमेरा आला तेव्हा देवीला तिचा रंग काही प्रमाणात परत मिळाला, असं मी आत्याला म्हटलं.

"शेजारी बघ," ती म्हणाली. शेजारीच कमळात उभी असलेली लक्ष्मी होती, दोन हत्ती, हातातून पडणाऱ्या मोहरा. आमच्या तसबिरीचीच पणती. दोन्ही एकाच खिळ्याच्या ओळीत टांगलेल्या, आणि घेणाऱ्या बाईने दोन्ही घेतल्या. तिला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. मला वाटलं तर तो माझा प्रश्न.

किरणोत्सवाला आम्ही कधी आलेलो नाही. जानेवारीच्या अखेरीला आणि नोव्हेंबरात मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतं, पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतं. आत्याचं म्हणणं, काळ्या दगडावर तांबूस ऊन पडलं की तो सोन्यासारखा दिसणार, पांढऱ्या संगमरवरावर नुसता पिवळट. म्हणजे 'हिरण्यवर्णा' खरी दिसायची असेल तर मूर्ती काळीच हवी. श्रीसूक्ताचा हा अर्थ कुठल्या टीकाकाराने दिलेला नसेल, पण मला तो पटला.

चौथा दिवस, शनिवार : पंढरपूर

आषाढी होऊन गेल्यावरचं पंढरपूर म्हणजे लग्न उरकलेलं घर. तरी पदस्पर्शाच्या रांगेत दोन तास गेले. महाद्वारासमोर नामदेव पायरी, आणि तिच्या समोर, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी. आत्या आधी तिथे थांबली. "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा," एवढं पुटपुटली आणि पुढे सरकली. शाळेत पाठ असलेली ओळ. ती कुणी, कुठे उभं राहून म्हटली हे शाळेत ठळक करून सांगत नाहीत. चोखामेळा महार, चौदाव्या शतकातला, आणि हे दार त्याच्या लोकांना उघडायला 1947 साल उजाडलं. साने गुरुजींनी त्या मे महिन्यात इथे दहा दिवस उपोषण केलं तेव्हा.

विठोबा काळा. तुकोबांच्या ओळीत 'सावळे सुंदर', स्वच्छ काळा दगड. पायांवर डोकं टेकवताना गार लागतो. शतकानुशतकांच्या हातांनी आणि अभिषेकांनी मूर्ती झिजते म्हणून 2020 मध्ये वज्रलेप झाला. 2024 मध्ये गाभाऱ्यातली चांदी काढून जुनं दगडी काम मोकळं केलं, त्यामुळे आता काळ्या दगडाच्या खोलीत काळा देव उभा आहे. चांदीच्या लखलखाटात तो जास्त उठून दिसायचा असं रांगेतले एक आजोबा म्हणत होते. मला हे जास्त आवडलं. डोळे सरावायला क्षणभर लागतो, आणि तो क्षण बडवून पुढे ढकलणारा सेवेकरी देत नाही, पण असो.

मग रखुमाई. तिचं देऊळ मागे, वेगळं. तीही काळ्या पाषाणाची, त्याच्याइतकीच. दोघांत उजवं-डावं करता येणार नाही.

आता बाहेरच्या तसबिरींच्या दुकानात या. विठोबा निळसर, कधी गडद, कधी अगदी आकाशी. पण निळा. शेजारी रखुमाई गोरीपान. मी मोजायला सुरुवात केली आणि सतराव्या तसबिरीला सोडून दिलं. मूर्तीचा फोटो होता तिथे दोघं काळे. हाताने रंगवलेलं होतं तिथे एकही रखुमाई काळी नव्हती.

दुकानदार काका भले होते. आत्याने विचारल्यावर त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "देव सावळा चालतो, ताई. सावळा म्हटलं की लोकांना बरं वाटतं. पण जोडी शोभायला हवी ना."

आत्या हसली. नऊ बघण्याच्या कार्यक्रमांत तिने हेच वाक्य ऐकलं असणार, बहुतेक याच गोड आवाजात. तिने कॅमेऱ्याच्या फोटोतली एक जोडी घेतली आणि काकांनी ती नीट कागदात बांधून दिली.

पाचवा दिवस, रविवार : नाशिक

गोदावरीला पाणी होतं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलेलं, म्हणजे पुराची काळजी नाही, असं गंगेवरची पोरं सांगत होती.

पंचवटीतला राम काळा आहे म्हणून देऊळ काळाराम. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलं. गोदावरीत काळी मूर्ती असल्याचा त्यांना दृष्टांत झाला अशी कथा सांगतात. दोन-एक फुटांच्या मूर्ती, आणि नावात एकटा राम असला तरी सीता आणि लक्ष्मणही काळेच. हे कितीतरी नाशिककरांच्या लक्षात नसतं. मी दोघांना विचारलं, दोघांनीही आधी "सीता? गोरी असेल की," म्हटलं आणि मग आत जाऊन बघून आले.

गंमत म्हणजे रामकुंडाजवळच गोराराम आहे. पांढऱ्या संगमरवरातला. दोन्ही देवळं सुखाने नांदतात, एकाच गावाला दोन्ही रंगांचा राम चालतो. मला वाटतं दगड हाताशी कुठला होता आणि बांधणाऱ्याची ऐपत काय होती, यावर देवाचा वर्ण कितीदा ठरला असेल. सह्याद्रीत काळा दगड फुकट, संगमरवर मकराण्याहून आणायचा.

रामरक्षेत रामाच्या रंगाला तीन उपमा आहेत : दूर्वादलश्याम, नीलोत्पलश्याम आणि नीरदाभ. दूर्वा हिरवी, कमळ निळं, ढग काळा. तिन्ही 'श्याम' या एका शब्दात मावतात, कारण तो शब्द रंगापेक्षा गडदपणा आणि ओलावा सांगतो. चित्रकाराला मात्र डबीतून एकच काढावा लागतो. त्याने कमळ उचललं. दूर्वा उचलली असती तर आज रामाची तसबीर हिरवी असती आणि कुणाला काही वाटलं नसतं. निळ्याने एक मोठी सोय केली : देव काळा आहे हे नाकारावं लागत नाही, आणि तो माणसांसारखा काळा आहे हेही कबूल करावं लागत नाही.

दारापाशी आम्ही पुन्हा थांबलो. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो लोक. देऊळ बंद ठेवलं गेलं, रामनवमीच्या रथावरून वाद होऊन दगडफेक झाली, सत्याग्रह 1935 पर्यंत चालला आणि दार तेव्हा उघडलं नाहीच. काळ्या रामाला आत ठेवून. यावर मी काही शहाणं बोलणार होते, पण आत्या पायरीवर बसून छत्री मिटत होती आणि तिने वर बघून म्हटलं, "चल, गाडी चुकेल."

सहावा दिवस, सोमवार : छत्रपती संभाजीनगर

सोमवारी अजिंठा बंद असतो. लॉजवर कपडे वाळवले.

खोलीतल्या कॅलेंडरावर शंकर, श्रावण सोमवार म्हणून हार घातलेला, अंगभर निळा. आरती त्याला 'कर्पूरगौरा' म्हणते, कापरासारखा गोरा. निळा फक्त कंठ. इथे सगळं उलटं झालंय : जो शब्दांत गोरा आहे तो चित्रात निळा. म्हणजे गोरेपणाची ओढ हे एकच कारण पुरत नाही. निळा आता 'हा देव आहे' एवढं सांगणारी खूण झालाय, पोलिसाच्या खाकीसारखी. पण ती खूण पुरुष देवांनाच मिळाली. त्याच कॅलेंडरात शेजारी पार्वती. तिचा रंग सांगायला नको. कालीमातेचं काय, असं आत्याला विचारलं. "तिला बघायला कोण जातं? तिला भ्यायला जातात," ती म्हणाली आणि कुस बदलून झोपली.

सातवा दिवस, मंगळवार : अजिंठा

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढे लेण्यांची बस. वाघूर नदी भरलेली, धबधबा सुरू, दरी हिरवीगार. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला इथली एक कमान दिसली, त्याआधी शेकडो वर्षं बाहेरच्या जगाला या जागेचा विसर पडलेला.

पहिल्या लेण्यात चपला काढून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. मग पद्मपाणी. पाचव्या शतकातला, वाकाटकांच्या राजवटीतला. सोनेरी उजळ अंग, खाली झुकलेली नजर. दुसऱ्या बाजूला वज्रपाणी, त्याच्याहून गडद. आणि आजूबाजूला माणसंच माणसं : तांबूस, गव्हाळ, हिरवट, काळी, पिवळसर. एकाच दरबारात सगळे वर्ण, आणि कोण कुणाच्या पायाशी बसलंय हे रंगावरून ओळखता येत नाही. आत्याला आधी हे दिसलं. मी चेहरे बघत होते, ती डब्या बघत होती. "गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती. एवढ्यावर केलंय सगळं. निळा तेवढा बाहेरून आणलेला, लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शांकडचा. म्हणून जपून वापरलाय बघ. अंगाला नाही फासला."

रंग आज दिसतात तसेच तेव्हा होते असं नाही. 1920 च्या सुमाराला इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला लाखेचा थर दिला, तो पुढे तपकिरी पडला, आणि नंतरच्या पिढ्यांना तो काढत बसावं लागलं. त्यामुळे इथल्या कुणाचा वर्ण नेमका काय, हे बेताने बोलायला हवं. पण एक बाई अशी आहे की तिच्याबद्दल लाखेला दोष देता येत नाही. पद्मपाणीच्या जवळच उभी आहे. मुकुट, मोत्यांचे सर, किंचित कललेली मान, आणि रंग काळा. गाइड तिला काळी राजकन्या म्हणतात. चित्रकाराने तिच्या शेजारी उजळ माणसं ठेवली आहेत आणि तरी प्रकाश तिच्यावरच पडल्यासारखा वाटतो. कपाळावर आणि नाकाच्या दांडीवर फिकट रंगाचा हलका हात आहे. काळ्या कातडीवर उजेड कसा चमकतो हे त्याने नीट बघितलेलं होतं.

आमच्या गाइडने बॅटरी तिच्यावर धरली, दोन वाक्यं सांगितली आणि झोत छताकडे वळवला. छतावर हत्ती, हंस, कमळं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. मागून दुसरा गट आत येण्यासाठी दाराशी थांबलेला, पहारेकरी हाताने खूण करत होता.

"दादा," आत्या म्हणाली, "जरा परत इकडे धरा ना."

त्याने धरली. ती चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघत राहिली. पर्समधून शिसपेन्सिल आणि एस.टी.चं तिकीट काढून तिने मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी काढायला सुरुवात केली. गाइडने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.